घरची तार आणि कामाचे घड्याळ

वेग वाढला की वेळ वाचतो, हे विधान इतके स्वयंसिद्ध मानले जाते की ते तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. श्रोतेहो, आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. तास मोजणे हाच आमचा धंदा. म्हणून घरोघरच्या इंटरनेटची हकीकतही आम्ही तासांच्या हिशेबानेच पाहतो.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा आपल्याकडे जनतेस खुली केली. साध्या टेलिफोनवरून वेग मिळे सेकंदाला 9.6 किलोबिट. 5 मेगाबाइटांचे एक गाणे उतरवावयाचे तर सव्वा तासाची निश्चिती! तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडलेला आणि मीटर चालू. साहजिकच माणसे काटकसरीने वागत. पत्र आधी सावकाश लिहून ठेवायचे, मग तार जोडायची, ते धाडायचे, आलेली पत्रे उतरवून घ्यायची आणि तार तोडायची.

2004 च्या सरकारी धोरणाने 256 किलोबिट वेगाच्या, सदैव जोडलेल्या सेवेस ‘ब्रॉडबँड’ म्हटले. लोकांनी आकडा पाहिला. आमच्या मते ‘सदैव’ हा शब्द अधिक महत्त्वाचा होता. तरीही काही काळ मोजणी टिकली. भारत संचार निगमाच्या एका योजनेत रात्री 2 ते सकाळी 8 हिशेब लागत नसे. तेव्हा चित्रपट उतरवण्यासाठी गजर लावून उठणारे कितीतरी निघाले. (रात्रपाळीचे हे हौशी कामगार!) 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, फायबरची तार घरात आली, आणि मोजण्याची सवयच गेली.

मग 25 मार्च 2020 ची टाळेबंदी. कचेरी घरात शिरली. जुन्या तारेवरून ती येऊच शकली नसती. संथपणाच घराचा उंबरठा राखीत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 1890 साली रविवारची सुटी मिळवली. त्यांच्यापुढे अडचणी डोंगराएवढ्या; पण भोंगा होता. काम केव्हा सुरू झाले, केव्हा सुटले, हे साऱ्या वस्तीला ऐकू येई. आज रविवारी रात्री 10 वाजता साहेबांचा निरोप येतो, तो एकाच स्वयंपाकघरात वाजतो. शेजाऱ्यास पत्ता नसतो. अशा एकेकट्यांची संघटना बांधावयाची कशी?

फ्रान्समध्ये कामाबाहेरच्या वेळी संपर्क तोडण्याचा हक्क 1 जानेवारी 2017 पासून कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तसे खाजगी विधेयक 2018 साली लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही.