पेठेचा संघ

आम्हां वाईकरांना फुटबॉल कळला तो कोल्हापूरच्या मामामुळे. तिथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. मामा मंगळवार पेठेतला, म्हणजे पाटाकडील तालमीचा. बाकी सगळे शत्रू! शाहू स्टेडियमवर समोर खंडोबा तालीम असली की मामी त्याच्या जेवणाची वाटच बघत नसे.

परवा स्पेनच्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओबद्दल वाचलं आणि मामा आठवला. १८९८ सालचा हा क्लब बास्क मुलखात जन्मलेले वा घडलेलेच खेळाडू घेतो. राजाच्या नावाचा कप १९८४ नंतर थेट २०२४ मध्ये मिळाला. चाळीस वर्षं लोक थांबले!

कोल्हापुरात पुढे बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही आले. मामा कुरकुरला, "आपली पोरं कुठायत?" तरी मॅचला गेलाच. संघ बदलला, पेठ कशी बदलणार?