मुरानो बेटावरील काचकाम: गुपित आणि विद्या

मुरानोच्या काचकामाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक एका गुपितापासून आरंभ करतात. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आपले काचकार एका बेटावर एकवटले, त्यांस परराज्यात जाऊन धंदा करण्याची मनाई केली, आणि म्हणूनच ही कला शतकानुशतके टिकली, असा त्या कथेचा सारांश होय. कथा आकर्षक आहे. तथापि कागदपत्रे आणि कारागिरांची परिभाषा एकत्र ठेवून पाहिली असता ती अपुरी ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्हेनिसमधील काचकाराचा आजवर ज्ञात असलेला सर्वांत जुना उल्लेख इ. स. ९८२ च्या एका दस्तऐवजात आढळतो. तेथे डोमेनिको नावाच्या व्यक्तीस ‘फिओलारिउस’, म्हणजे कुप्या करणारा, असे म्हटले आहे. पुढे काचकारांचा संघही ‘फिओलेरी’ याच नावाने ओळखला जाई. त्याची नियमावली १२७१ ची आहे. आपल्याकडे ज्याप्रमाणे कुंभार मातीवरून नव्हे तर कुंभावरून ओळखला जातो, त्याप्रमाणेच येथेही धंद्याला नाव मिळाले ते द्रव्यावरून नव्हे, घडविलेल्या वस्तूवरून. १२९१ साली महासभेने शहरातील भट्ट्या हलविण्याचा ठराव केला, तो आगीच्या भयाने. भट्ट्या मुरानोत एकवटल्या आणि कारागिरांवर देखरेख ठेवणेही त्यामुळे सुकर झाले.

आज व्हेनिसच्या फोंदामेंते नोवे या धक्क्यावरून बोटीने निघाले की वाटेत सान मिकेले या दफनभूमीच्या बेटाची विटांची भिंत लागते, आणि सुमारे दहा मिनिटांत मुरानो येते. आपण त्यास बेट म्हणतो; वस्तुतः तो पुलांनी जोडलेल्या लहान बेटांचा समूह आहे. धक्क्याजवळच्या भट्ट्यांत प्रवाशांसमोर काचेचा घोडा चिमट्याने ओढून एक-दोन मिनिटांत उभा केला जातो. बहुतेक प्रवासी तेवढे पाहूनच परततात. खरे काम पाहावयाचे तर आतल्या भट्टीपाशी बराच वेळ निमूट उभे राहावे लागते.

तेथे उस्ताद एका बाकावर बसलेला असतो. बाकाच्या दोन दांड्यांवर आडवी टेकविलेली लोखंडी फुंकणी तो एका तळहाताने सतत फिरवीत राहतो, कारण फिरविणे थांबले की मऊ काच एका बाजूस ओघळते. दुसऱ्या हातात चिमटा. सहायक भट्टीतून तापलेल्या काचेचा नवा गोळा घेऊन येतो. उमेदवार फुंकणीच्या दुसऱ्या टोकाशी बसून खूण होताच फुंकर मारतो. घडविण्यास मिळणारा अवधी क्षणांतच मोजावा लागतो, म्हणून बोलणे जवळजवळ नसतेच.

या गटाचे नाव अभ्यसनीय आहे. व्हेनिसमध्ये चौकाला ‘काम्पो’ म्हणतात. ‘पियाझ्झा’ हा शब्द मुख्यतः सान मार्कोच्या चौकासाठी राखलेला आहे. भट्टीवर मात्र ‘पियाझ्झा’ म्हणजे उस्ताद व त्याचे सहकारी. जागेचे नाव माणसांस लागले. बाकाला ते ‘स्कान्यो’ म्हणतात. प्रमाण इटालियनमधील ‘स्कान्नो’ आणि हा शब्द ही दोन्ही लॅटिन ‘स्काम्नुम’ची अपत्ये होत. परिभाषा बोलीतीलच राहिली, आणि तीत विद्येचा धनी एकटा माणूस नसून गट आहे.

आता गुपिताकडे वळू. ते फार काळ राखले गेले नाही. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या धर्तीची काच अँटवर्प येथे होऊ लागली. १५७५ मध्ये व्हेनिसच्या जाकोमो व्हेर्झेलिनीस इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने लंडनमध्ये तशी काच करण्याचा मक्ता दिला. १६६५ नंतर फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने मुरानोचे आरसे करणारे कारागीर पॅरिसला फितविले. या प्रत्येक प्रसंगी देशोदेशी गेली ती माणसे होत.

केवळ कागद गेला तेथे काय झाले? १६१२ साली फ्लॉरेन्स येथे अंतोनियो नेरी या धर्मोपदेशकाचा काचविद्येवरील ग्रंथ छापला गेला. क्षार शुद्ध कसे करावे, रंग कशाने येतात, हे त्यात तपशीलवार आहे; फुंकणी कशी फिरवावी याविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. अकीक दगडासारखी दिसणारी ‘काल्चेदोनियो’ काच करण्याच्या कृतीही त्यात आहेत. तरीही १७९७ मध्ये प्रजासत्ताक कोसळले, १८०६ मध्ये संघ मोडले, अनेक भट्ट्या थंडावल्या, आणि छापील कृती उपलब्ध असूनही ती काच पुन्हा साधण्यासाठी लोरेन्झो राडी यास नव्याने प्रयोग करावे लागले. त्यास यश आले ते १८५६ च्या सुमारास. जे शब्दांत मावत होते ते फुटले तरी मुरानोचे फारसे बिघडले नाही. उस्तादाकडून उमेदवाराकडे जाणारी साखळी तुटताच मात्र ग्रंथ असून नसल्यासारखे झाले.

आजचे संकटही याच जातीचे आहे. काचेची भट्टी रात्रंदिवस तापती ठेवावी लागते. २०२१-२२ मध्ये इंधनवायूचे भाव भडकले तेव्हा मुरानोतील अनेकांनी भट्ट्या विझविल्या. २०२० मध्ये काचेच्या मण्यांची कला युनेस्कोच्या यादीत नोंदली गेली, हे स्वागतार्ह होय. पण नोंदीने उमेदवार घडत नाही.

कारागिरांच्या शब्दसूची करणाऱ्या आपल्या अभ्यासकांनीही यातून बोध घ्यावा. ‘फुंकणी’ हा शब्द टिपून अर्थ दिला म्हणजे काम संपले, असे नव्हे. ती कोण धरतो, केव्हा फिरवितो, कोणाच्या खुणेने थांबतो आणि हे त्यास कोणी शिकविले, हेही शब्दाशेजारी लिहिले पाहिजे. आणि ते शिकविणारा अजून भट्टीवर उभा आहे तोवरच लिहिले पाहिजे.