पहारेकऱ्याच्या वहीचा पहारा

संगणकाच्या इतिहासाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात वेगाचे कौतुक फार आणि मर्यादेचा विचार थोडा आढळतो. अमुक यंत्र क्षणात किती बेरजा करते हे आवर्जून सांगितले जाते. परंतु त्याच यंत्रात एकाच वेळी वावरणाऱ्या अनेक प्रोग्रामांनी परस्परांच्या स्मृतीत हात घालू नये म्हणून काय तजवीज केलेली असते, आणि खुद्द त्या तजविजीची राखण कोण करतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हा कारकुनांना मात्र हाच प्रश्न प्रथम सुचतो. दप्तरखान्यात हजार रुमाल असोत. ज्याच्या हाती त्यांची सूची, त्याच्याच हाती दप्तरखाना. एकही रुमाल न हलवता सूचीतील केवळ एक क्रमांक बदलला, तरी हवा तो कागद नाहीसा होतो आणि नको तो भलत्याच्या हाती पडतो.

संगणकातील या सूचीला पेज टेबल म्हणतात. आपण तिला पृष्ठसूची म्हणू. स्मृतीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडलेले असतात, ती पृष्ठे. आपली पृष्ठे ओळीने एकापाठोपाठ आहेत असे प्रत्येक प्रोग्रामास भासते. वस्तुतः ती कोठे पसरली आहेत, त्यांतील कोणती केवळ वाचावयाची, कोणतीवर लिहिण्याची मुभा आहे, हे सारे पृष्ठसूचीत नोंदलेले असते. प्रोसेसर तिच्या, किंवा जवळ बाळगलेल्या तिच्या नकलेच्या, आधारावाचून प्रोग्रामास स्मृतीत पाऊल टाकू देत नाही. आणि ही सूची लिहिण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा. त्या गाभ्यास कर्नल असे नाव आहे. लष्करातील कर्नलाशी त्याचे नाते नाही, तरी रुबाब तसाच.

अधिकाऱ्याच्या लेखणीलाही मर्यादा असावी, ही चिंता आपल्याकडे नवी नव्हे. जुन्या मराठी राजपत्रांच्या शेवटी मोर्तबाचा लहान शिक्का उठवीत, तो एवढ्याचसाठी की, मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये. शिवाजीमहाराजांच्या पत्रांवरील त्या शिक्क्यात तर मर्यादा हाच शब्द कोरलेला आहे. पत्र कारकुनानेच लिहिलेले, दरबारातूनच निघालेले. तरीही लिहिणाऱ्याच्या हातावर शिक्क्याचा धाक ठेवलेला होता.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्याच्या स्मृतीत चाळीस अंकी २,०४८ शब्द मावत. एका वेळी एकच प्रोग्राम चालावयाचा. शेजारीच नाही, तर कुंपण कशास हवे? त्याच १९६२ च्या डिसेंबरात इंग्लंडात मँचेस्टर येथे टॉम किलबर्न यांच्या मंडळींचा ॲटलस संगणक सुरू झाला आणि पृष्ठांची कल्पना प्रथम प्रत्यक्षात उतरली. ॲटलसच्या मुख्य स्मृतीत ५१२ शब्दांची बत्तीस पृष्ठे मावत, आणि प्रत्येक पृष्ठास एक, अशा बत्तीस नोंदी स्मृतीबाहेर स्वतंत्र यंत्ररचनेत ठेवलेल्या होत्या. त्या प्रत्येक नोंदीत पृष्ठ बंद ठेवण्याची एक खूणही होती. म्हणजे रुमाल एका खोलीत आणि सूची साहेबांच्या कपाटात. इतकी स्वच्छ व्यवस्था पुढे फार दिवस टिकली नाही.

तिचे कारण साधे आहे. स्मृती वाढली, पृष्ठे हजारोंनी मोजावी लागली; प्रत्येकासाठी वेगळी यंत्ररचना कोण पुरवणार? १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास आयबीएमच्या ३६०/६७ सारख्या यंत्रांत पृष्ठसूच्या मुख्य स्मृतीतच ठेवण्यात येऊ लागल्या. ज्या फळीवर रुमाल, त्याच फळीवर त्यांची सूची! पुढील साठ वर्षांतील पुष्कळ संकटांचे बीज आम्हांस येथे दिसते.

संकटाची जाणीव त्या काळच्या लोकांस नव्हती असे मात्र नव्हे. अमेरिकेतील मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्त्यांनी अधिकाराची एकात एक अशी वर्तुळे कल्पिली, आणि १९७३ च्या हनीवेल ६१८० या यंत्रात अशी आठ वर्तुळे प्रत्यक्ष यंत्ररचनेत आली. आतल्याने बाहेरच्याकडे पाहावे, बाहेरच्याने आत डोकावू नये, असा तो न्याय. परंतु सर्वांत आतल्या वर्तुळात बसणाऱ्यावर कोणाची नजर, याचे उत्तर त्यात नव्हते. पुढे १९८५ मध्ये इंटेलचा ८०३८६ प्रोसेसर आला आणि चार हजार शहाण्णव बाइटांची पृष्ठे टेबलावरच्या लहान यंत्रांत शिरली. या प्रोसेसरात एक विलक्षण ढिलाई होती: एखादे पृष्ठ केवळ वाचण्यासाठी अशी नोंद सूचीत असली, तरी ती सामान्य प्रोग्रामांस लागू, गाभा त्या नोंदीस न जुमानता खुशाल लिहू शके. १९८९ च्या ८०४८६ मध्ये एका नियंत्रक खुणेची भर पडली. ती चालू केली, म्हणजे गाभ्यासही आपल्याच सूचीतील मनाई पाळावी लागे. तेव्हा या खुणेची फारशी वाखाणणी झाल्याचे आमच्या वाचनात नाही. मात्र पुढे पंचवीस वर्षांनी तिचे मोल कळले.

मध्यंतरी आपल्या पुण्यात एक मोठे काम झाले. क्रे बनावटीचा हवा तो महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० सिद्ध झाला. भटकर अकोला जिल्ह्यातील. १९५६ पर्यंत अकोला आणि रायपूर एकाच प्रांतात होते, तेव्हा आम्ही त्यांच्यावर थोडा हक्क सांगितला तर वाचकांनी रागावू नये. परमचे बळ इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरांत होते. आणि या प्रोसेसरात पृष्ठसूची नव्हती, स्मृतीरक्षणही नव्हते. एका प्रोसेसराची स्मृती दुसऱ्यास दिसत नसे, निरोप पाठवूनच व्यवहार होई, ही त्यातली मोठी भिंत. परंतु एकाच प्रोसेसरात नांदणारी कामे एकमेकांच्या भलाईवर विसंबून होती. याचा दोष आम्ही पुण्याच्या मंडळींस देत नाही. हवामानाचे गणित करणारा शास्त्रज्ञ स्वतःच्याच गणितावर दरोडा घालीत नाही. परके प्रोग्राम ज्यात अखंड येत-जात असतात, अशा यंत्राची गोष्ट वेगळी.

तसे यंत्र आज घरोघरी आहे. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या शेजारी निवृत्त मंडळी पुष्कळ. पूर्वी नोव्हेंबर आला की ती हयातीचा दाखला देण्यास बँकेत रांग धरीत. २०१४ मध्ये केंद्र सरकारने जीवन प्रमाण ही योजना आणली. आता कित्येक जण तो दाखला घरबसल्या फोनवरून पाठवतात. त्याच फोनमध्ये नातवाने उतरवलेला खेळही असतो. त्या खेळाचा हात निवृत्तिवेतनाच्या कागदांवर पडू नये, याची हमी शेवटी पृष्ठसूचीतील दोन-चार खुणांवर येऊन ठेपते.

या खुणा किती नाजूक आहेत, हे २०१५ मध्ये दिसून आले. स्मृतीच्या दाट विणलेल्या पट्ट्यांत एका ओळीवर पुन्हःपुन्हा, अतिशय वेगाने घाला घातला, तर शेजारच्या ओळीतील शून्याचा एक किंवा एकाचे शून्य होऊ शकते, हे २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. गूगलच्या संशोधकांनी पुढच्याच वर्षी स्मृती पृष्ठसूच्यांनीच भरून टाकली आणि अशा एका उलटलेल्या खुणेतून प्रोग्रामास स्वतःच्याच पृष्ठसूचीवर लिहिण्याचा मार्ग खुला करून दिला. कुलूप तोडले नाही, किल्ली चोरली नाही. फळी हलवून सूचीतील एक आकडा पाडला. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेला मेल्टडाउन हा दोष निराळा. त्यात लिहिणे नव्हते, चोरून वाचणे होते: मनाईची खूण पाहण्याआधीच प्रोसेसर उतावीळपणे पुढचे काम उरकीत असे. त्यावर लिनक्सकारांनी गाभ्याची बहुतेक पृष्ठे प्रोग्रामाच्या सूचीतूनच वगळली. दर खेपेस सूची बदलावी लागल्याने यंत्रे काहीशी मंदावली, पण दार बंद झाले.

उरला तो मूळ प्रश्न. गाभ्याच्या लक्षावधी ओळींत कोठे तरी एक चूक राहते, तेथून परका आत शिरतो, आणि मग सूची लिहिण्याचा सारा अधिकार त्याचा होतो. २०१५ मध्येच इलिनॉय विद्यापीठातील नेथन डॉटनहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रीबीएसडीच्या गाभ्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पृष्ठसूच्यांची पृष्ठेच केवळ वाचण्याजोगी करून टाकली, आणि १९८९ ची ती खूण क्षणभर खाली करण्याचा हक्क गाभ्यातील एका लहानशा भागास दिला. बाकीच्या गाभ्यास नोंद बदलावयाची, तर त्या लहान भागाकडे अर्ज करावा लागे. तो अर्ज तपासून मगच लेखणी उचली. सॅमसंगने आपल्या काही फोनांत गाभ्याबाहेरच्या राखणदाराकडे असेच काम सोपवले. ॲपलने २०१८ च्या प्रोसेसरांत ही व्यवस्था यंत्ररचनेच्या आधाराने उभारली, आणि २०२३ पासून आपल्या नव्या यंत्रांत पृष्ठसूचीचा राखणदार गाभ्याहून वरच्या अधिकारावर नेऊन बसवला.

वरिष्ठाच्या सहीवाचून रजिस्टरात खाडाखोड करू नये, हा आमच्या कचेरीतील पहिल्या आठवड्याचा धडा. संगणकाच्या गाभ्याला तो मिळण्यास अर्धशतक लागले, आणि अजून सर्वांना मिळालेला नाही. मूळ लिनक्सचा गाभा, ज्याच्यावर अँड्रॉइडचे फोन चालतात, तो आपली बहुतांश पृष्ठसूची साधारणतः आजही स्वतःच्याच हाताने लिहितो.