प्रतिरूपता (सांकेतिक भाषांतील)

सांकेतिक भाषेतील खूण व तिचा अर्थ यांच्यातील दृश्य साम्य म्हणजे प्रतिरूपता.

उगम : वस्तूचा आकार, ठळक भाग किंवा वापराची क्रिया यांतून खूण घडते. भारतीय सांकेतिक भाषेत (पहा) ‘घर’ म्हणजे बोटांची टोके जुळवून केलेले उतरते छप्पर; ‘पुरुष’ मिशीवरून, ‘स्त्री’ नाकातल्या दागिन्यावरून दाखवतात.

वैशिष्ट्ये : कोणता भाग निवडायचा, हे भाषिक समाज ठरवतो. ‘झाड’ दाखवताना अमेरिकन खुणेत उभा हात व पसरलेली बोटे असतात, डॅनिश खूण बाह्याकार रेखाटते, चिनी खूण खोड दर्शवते. वापराने अनेक खुणांतील साम्य पुसट होते.

महत्त्व : शब्दार्थसंबंध यादृच्छिक असतो, या भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या तत्त्वाची (पहा : चिन्हमीमांसा) मर्यादा यातून दिसते. साम्य असूनही खुणांना व्याकरणिक रचना असते. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये अमेरिकन खुणांचे हस्ताकार, स्थान व हालचाल असे घटक मांडले.