तार ते स्क्रीन: लग्नातल्या शुभेच्छांची गोष्ट

मागच्या महिन्यात देवनारला एका लग्नात स्टेजशेजारी मोठी स्क्रीन होती. पाहुण्यांनी मोबाईलवरून मेसेज टाकायचा, तो सगळ्यांसमोर झळकणार. भारी वाटलं. पण शेजारच्या आजींनी विचारलं, "काय लिहिलंय रे?" मेसेज मराठीच होते, अक्षरं मात्र रोमन!

असं का, ते बघायला थोडं मागे जाऊ. पूर्वी लग्नाला येता आलं नाही की लोक तार करायचे. तार खात्याकडे शुभेच्छांची ठरलेली वाक्यं होती, प्रत्येकाला नंबर. तुम्ही नंबर सांगायचा, तिकडे पूर्ण वाक्य पोचायचं. स्वस्त, पण शब्द आपले नाहीत. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली.

तोवर एसएमएस रुळला होता. पहिला गेला ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडमध्ये: 'मेरी ख्रिसमस'. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला साधारण १६ बिट, म्हणून ७०च. त्यात काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजतात. 'शुभेच्छा' म्हणजे ८! पुढे गेलात की दुसऱ्या मेसेजचे पैसे. शिवाय बऱ्याच फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. मग मराठी रोमनमध्ये लिहायची सवय लागली.

आज ती मर्यादा नाही, तो खर्चही नाही. सवय तेवढी उरलीय. मी कीबोर्ड बदलून एक मेसेज टाकला. तो आजींनी स्वतः वाचला, मोठ्याने.