ज्यू धार्मिक रौप्यवस्तू आणि युरोपीय अलंकरणशैली

ज्यू उपासनेत मूर्तीला स्थान नाही. सिनेगॉगमधील सर्वाधिक आदराची वस्तू म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी. मध्य युरोपात तिला वस्त्राचे आच्छादन घालून रुप्याने सजविण्याची परंपरा रूढ झाली. दांड्यांच्या टोकांवर मुकुट किंवा 'रिम्मोनिम' (शब्दशः डाळिंबे), समोर साखळीने अडकविलेली ढाल आणि वाचताना अक्षरांना बोट लागू नये म्हणून 'यद' नावाची, टोकाशी हाताचा पंजा असलेली रुप्याची काडी, असा हा साज असे. बगदादी ज्यूंकडे गुंडाळी ताठ पेटीत उभी ठेवतात. १८६७ साली बांधलेले पुण्याचे 'लाल देऊळ' याच समाजाचे. त्यांच्याकडे रुप्याचे काम पेटीवरच होते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

या वस्तूंची शैली 'ज्यू' म्हणता येईल काय, असा प्रश्न अभ्यासक विचारीत आले आहेत. प्रस्तुत लेखिकेच्या मते प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. जर्मन शहरांतील कारागीर-श्रेणींत ज्यूंना प्रवेश नव्हता. त्यामुळे हे काम बहुतांशी ख्रिस्ती रौप्यकारांकडे जाई. आउग्सबुर्गने १४३८ मध्ये ज्यूंच्या हकालपट्टीचा निर्णय घेतला, न्यूर्नबर्गने १४९९ मध्ये त्यांना घालविले. तरीही पुढे याच दोन शहरांच्या मुद्रा तोरा-ढालींवर आढळतात. फ्रांकफुर्टमध्ये १४६२ पासून ज्यू वस्ती एका गल्लीत कोंडलेली होती. गल्लीबाहेरचा योहान व्हॅलेंटिन श्यूलर हा रौप्यकार मात्र तिच्यासाठी हनुक्का सणाचे दीप घडवीत असे.

वस्तूचा आकार विधी ठरवी आणि नक्षी कारागिराच्या कार्यशाळेतून येई. शब्बाथच्या समाप्तीला हुंगावयाच्या मसाल्यांची डबी गॉथिक मनोऱ्याच्या रूपात घडविली जाई; हा मनोरा शहराच्या आकाशरेषेतून आलेला. परंतु उसनवारीची गोष्ट नेहमी इतकी सरळ नसते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तोरा-ढालींवर दोन पीळदार स्तंभ दिसू लागतात. हे बरोक शैलीचे खास चिन्ह होय. रोममधील जुन्या सेंट पीटर चर्चमधील अशा स्तंभांविषयी ते शलमोनाच्या जेरुसलेम येथील मंदिरातून आणले, अशी ख्रिस्ती श्रद्धा होती. बर्निनीने १६२४ ते १६३३ या काळात उभारलेल्या छत्रीने त्यांना नवे वैभव दिले आणि ते युरोपभर वेदींवर पसरले. तोरा-ढालीवर येताच तेच स्तंभ शलमोनाच्या मंदिरापुढील याखीन व बोआज ठरले. ख्रिस्ती कलेने ज्यू मंदिराच्या नावाने मिरविलेले रूप ख्रिस्ती कारागिराच्याच हातून ज्यूंकडे परतले. याला निव्वळ अनुकरण म्हणणे अन्यायाचे होईल.

श्रेणींची बंधने सैल होती, तेथे चित्र उलटे दिसते. न्यूयॉर्कचा मायर मायर्स (१७२३-१७९५) हा ज्यू रौप्यकार. त्याने सिनेगॉगसाठी रिम्मोनिम घडविले आणि प्रेस्बिटेरियन चर्चसाठी बाप्तिस्म्याचे पात्रही. दोन्हीकडे कालमान्य अभिरुची एकच.

तेव्हा केवळ कारागिराची मुद्रा वाचून थांबणारा इतिहास अपुरा राहतो. अनेक वस्तूंवर मुद्रेजवळच हिब्रूत दात्याचे नाव, वर्ष, कधी मृत आप्ताचे स्मरणही कोरलेले असते. मुद्रेवरून कार्यशाळा समजते. समाज मात्र या लेखातूनच बोलतो. विसाव्या शतकात या लेखांना वेगळेच मोल आले. १९३९ मध्ये डान्झिगच्या ज्यू समाजाने आपल्या धार्मिक वस्तू पेट्यांत भरून न्यूयॉर्कला पाठविल्या. पंधरा वर्षांनंतर डान्झिगमध्ये मुक्त ज्यू समाज असल्यास त्या परत द्याव्यात, अन्यथा अमेरिकेतच राहू द्याव्यात, अशी अट होती. १९५४ मध्ये मुदत संपली, तेव्हा त्या परत मागणारा तो समाज उरलेला नव्हता.