जोसन काळातील कोरियन वैद्यक आणि स्त्रियांचे मूत्रविकार

कोरियात जोसन घराण्याची राजवट १३९२ ते १९१० एवढा दीर्घ काळ टिकली. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीवर आधारलेल्या या समाजात कुलीन स्त्रीने परपुरुषासमोर येणे अनुचित समजले जाई. अशा स्थितीत लघवीची जळजळ, लघवी अडणे किंवा बाळंतपणानंतर ती सतत गळत राहणे, ही दुखणी वैद्याला सांगणे दूरच राहिले. तिब्बे युनानीत कारुरा पाहण्याची रीत होती. निदान बाटली तरी हकिमाकडे पाठवता येई. कोरियन वैद्यकाचा भर मुख्यतः नाडीवर आणि रुग्णाला विचारायच्या प्रश्नांवर होता.

१४०६ साली राजा तेजोंगपुढे ही अडचण मांडली गेली. स्त्रिया लाजेपोटी पुरुष वैद्याला आजार दाखवत नाहीत आणि त्यातच दगावतात, असे त्या अर्जात म्हटले होते. राजाने सरकारी कोठारे व कचेऱ्यांतील दासी मुली निवडून त्यांना नाडीपरीक्षा व सुया टोचण्याची विद्या शिकवण्याचा हुकूम दिला. याच ‘उइन्यो’, म्हणजे वैद्यस्त्रिया. दासीच का निवडल्या, याचे उत्तर उघड आहे. कुलीन घरची मुलगी या कामासाठी कोणीही दिली नसती.

स्त्रियांच्या या विकारांवर उपाय नव्हते असे मात्र नाही. हो जुन (१५३९–१६१५) या राजवैद्याने १५९६ मध्ये राजा सोंजोच्या आज्ञेवरून हाती घेतलेला ‘दोंगुई बोगाम’ हा ग्रंथ १६१० मध्ये पूर्ण झाला व १६१३ मध्ये २५ खंडांत छापला गेला. त्यात मूत्रावर स्वतंत्र प्रकरण आहे. लघवी साचून राहिल्यास ‘ओर्योंगसान’ हे पाच औषधींचे चूर्ण दिले जाई; वारंवार लघवी होत असल्यास रताळ्यासारख्या कंदाच्या पिठात वळलेली ‘चुकछन-ह्वान’ ही गोळी. या गोळीच्या नावाचा अर्थच मुळी ‘झरा आटवणारी’ असा आहे. बेंबीखालच्या ठरावीक बिंदूंवर दवण्याच्या जातीच्या वनस्पतीची वात जाळून शेक देण्याचीही पद्धत होती. गर्भाच्या दाबाने मूत्राशय मुरडून लघवी बंद होते, या अवस्थेलाही निराळे नाव होते.

सर्वांत लक्षवेधी भाग बाळंतिणीच्या मूत्रस्रावाचा. सुईणीच्या निष्काळजीपणाने मूत्राशयाला इजा होते आणि लघवी थेंबथेंब गळत राहते, हे चिनी वैद्य जू दान्शी (१२८१–१३५८) याने ओळखले होते. बाहेरची जखम मांस भरून येऊन बरी होते, तर आतलीही होईल, असा त्याचा तर्क. त्यासाठी जिनसेंग व इतर मुळ्या डुकराच्या किंवा मेंढ्याच्या मूत्राशयाच्या रश्शात उकळून द्यायच्या. हो जुनने हा ‘सामचुलगो’ काढा आपल्या ग्रंथात घेतला. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने हा मूत्रमार्गाचा फिस्तुला असावा आणि मोठे छिद्र काढ्याने बुजणे कठीणच. परंतु दोष बाईच्या नशिबाला न देता फाटलेल्या अवयवाला दिला, ही गोष्ट लहान नाही.

हा ग्रंथ चिनी लिपीत होता आणि बहुसंख्य स्त्रियांना ती वाचता येत नव्हती. हो जुनने १६०८ मध्ये बाळंतपणावर कोरियन लिपीत अर्थ दिलेले एक पुस्तक प्रसिद्ध केले, ते म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

उइन्योंची स्थिती मात्र सुधारली नाही. रुग्णाला पाहायचे त्यांनी, औषध ठरवायचे पुरुष वैद्याने. योनसानगुनच्या कारकिर्दीत (१४९४–१५०६) तर त्यांना मेजवान्यांत रिझवण्यासाठी बसवण्यात आले. १५४४ मध्ये जांग-गुम या उइन्योने आजारी राजा जुंगजोंगला लघवी झाली पण तीन दिवस शौच झाले नाही, असे मंत्र्यांना सांगितले; ते राजवृत्तांतात उतरले आहे. राजाच्या लघवीची अशी तारीखवार नोंद सापडते. ज्या स्त्रियांसाठी उइन्यो नेमल्या, त्यांच्याविषयी त्यांनी स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही.